मेडिकल डिव्हाइस कंपनीतली सस्टेनेबिलिटी – खरं काम नक्की कुठे आहे?

पाऊलखूण

नमस्कार मंडळी. मी एकदाच वापरून टाकायची निर्जंतुक उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीत पॅकेजिंगचं काम करते, ११ वर्षं झाली. कॅथेटर, शीथ, गाईडवायर असा माल. दोन महिन्यांपूर्वी मला आमच्या सस्टेनेबिलिटी कमिटीवर घेतलं आणि मला मनापासून आनंद झाला, कारण रोज एवढं प्लॅस्टिक डोळ्यांसमोरून जातं की याचं काहीतरी करायला हवं हे मनात येतच असतं. पण पहिल्या तीन मीटिंगा कागदी कप, जिन्यातले दिवे आणि झाडं कुठे लावायची यातच गेल्या. झाडं लावायला माझी ना नाही, लावावीतच. पण चौथ्या मीटिंगच्या आधी मी गोडाऊनमधून आमचंच एक कॅथेटर मागवलं, टेबलावर उघडलं आणि एकेक वस्तू वजनकाट्यावर ठेवली.

कॅथेटर १८ ग्रॅम. ते ज्यावर अडकवलेलं असतं ते प्लॅस्टिकचं कार्ड, आतला पाऊच, बाहेरचा पाऊच, मग खोकं. आणि खोक्यात घडी घालून कोंबलेलं सूचनापत्रक, वीसेक भाषांतलं, पापुद्र्यासारख्या कागदावर बारीक टायपात छापलेलं, ४१ ग्रॅम. म्हणजे रुग्णाच्या शरीरात जाणाऱ्या वस्तूच्या दुपटीहून जड तिचं सूचनापत्रक. ११ वर्षं हे खोकं बघतेय आणि कधी असं वजन करून बघावंसं वाटलं नव्हतं याचं मला फार वाईट वाटलं.

नंतर थोडं वाचलं. हेल्थ केअर विदाउट हार्म आणि अरुप यांचा २०१९चा रिपोर्ट आहे, त्यानुसार जगाच्या एकूण उत्सर्जनातला ४.४ टक्के वाटा आरोग्यसेवेचा. आरोग्यसेवा हा एखादा देश असता तर उत्सर्जनात पाचवा लागला असता. आणि त्यातला ७१ टक्के भाग सप्लाय चेनमधून येतो. हॉस्पिटलची सप्लाय चेन म्हणजे आपणच की. औषधं, उपकरणं, त्यांची वाहतूक, सगळं त्यात आलं. तेव्हा ज्यांनी या क्षेत्रात काम केलंय किंवा हॉस्पिटलमध्ये आमचा माल वापरलाय त्यांना विचारते, सुरुवात कुठून करावी? रुग्णाच्या सुरक्षेला धक्का न लावता खरा फरक कुठे पडतो? मोकळेपणाने लिहा.

आडवाट

चांगला धागा. वाचतोय. आमच्याकडे (डायग्नोस्टिक किट) असंच झालं होतं, कमिटी आधी ऑफिसवर लक्ष देते कारण ऑफिसमधलं काही बदलायला कुणाची सही लागत नाही. प्रॉडक्टला हात लावायचा तर क्वालिटी, रेग्युलेटरी, मार्केटिंग सगळे बसवावे लागतात. म्हणून प्रॉडक्टवाली माणसं कमिटीत हवीतच. तुम्हाला घेतलं ते बरं झालं.

तिसरी_पाळी

पाऊलखूण ताई, मी निर्जंतुकीकरणात आहे, ईटीओच्या चेंबरवर १४ वर्षं. तुमचं ते ४१ ग्रॅमचं पत्रक वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय, कारण ते पत्रक फक्त कागद नाहीये, ते माझ्या चेंबरमध्ये पण येतं.

जरा सविस्तर सांगतो. इथिलीन ऑक्साइड म्हणजे ईटीओ, हा वायू पाऊचमधून, खोक्यातून, कॅथेटरच्या बारीक पोकळीतून आरपार जातो आणि कमी तापमानाला काम करतो म्हणून प्लॅस्टिकच्या उपकरणांना तो हवाच. अमेरिकेत साधारण निम्मी निर्जंतुक उपकरणं याच वायूने होतात, वर्षाला २,००० कोटींहून जास्त नग. पण हाच वायू माणसाला कॅन्सर करतो, आयएआरसीने (डब्ल्यूएचओची कॅन्सर संशोधन संस्था) १९९४ मध्येच त्याला पहिल्या गटात टाकलं. प्लांटच्या आसपास राहणाऱ्या लोकांनी आवाज उठवला, अमेरिकेत २०१९ मध्ये विलोब्रुकचा प्लांट बंद झाला, आणि मार्च २०२४ मध्ये ईपीएने (तिथली पर्यावरण संस्था) असा नियम आणला की अशा प्लांटांमधून बाहेर जाणारा ईटीओ ९० टक्क्यांहून जास्त कमी व्हावा. तेव्हा आमच्या धंद्यात पर्यावरण म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर आधी कार्बन येत नाही, आधी कुंपणापलीकडची घरं येतात आणि चेंबरचं दार उघडणारा माझा माणूस येतो.

आता कागदाचं. पुठ्ठा आणि कागद ईटीओ पितात. ओलावाही पितात. पॅलेटवर कागद जितका जास्त तितका प्रीकंडिशनिंगला (गॅसच्या आधी मालाला ऊब आणि ओलावा द्यायला) वेळ जास्त, गॅस जास्त, आणि नंतर एअरेशनमध्ये तो गॅस बाहेर पडायला वेळ जास्त. आमच्याकडे गरम खोलीत माल दिवसचे दिवस उभा असतो फक्त गॅस सुटावा म्हणून, आणि तेवढा वेळ ती खोली तापवायची, हवा फिरवायची, बाहेर जाणारी हवा स्क्रबरमधून (गॅस अडवणाऱ्या यंत्रातून) न्यायची. २०१९ मध्ये एफडीएने (अमेरिकेची औषधं आणि उपकरणांची नियामक संस्था) ईटीओ कमी कसा वापरता येईल यावर चर्चा घडवली तेव्हा पाकिटातला कागद कमी करा हा मुद्दा तिथेही होताच.

आणि अजून एक. जानेवारी २०२४ मध्ये एफडीएने हायड्रोजन पेरॉक्साइडच्या वाफेला प्रस्थापित पद्धतीचा दर्जा दिला. ती वाफ शेवटी पाणी आणि ऑक्सिजन होते, किती सोयीचं आहे बघा. पण तिला सेल्युलोज चालत नाही, कागद वाफ शोषून घेतो आणि निर्जंतुकीकरणाची सायकल फेल जाते. म्हणजे खोक्यात कागद असेपर्यंत तो रस्ता तुम्हाला बंदच. लांब आणि बारीक पोकळीतही ती नीट पोचत नाही हे खरं, त्यामुळे लांब कॅथेटरला कदाचित ईटीओच राहील, पण बाकीच्या मालाला? रेडिएशनचं म्हणाल तर कॅथेटरमध्ये आतून पीटीएफईचं (टेफ्लॉनचं) अस्तर असेल तर ते रेडिएशनने खराब होतं, साधं पॉलीप्रोपिलीन ठिसूळ होतं, म्हणून तेही सरसकट नाही.

थोडक्यात तुमचं पत्रक निघालं तर माझा गॅस कमी होतो. पॅकेजिंगवाले आणि आम्ही एकाच कंपनीत असून वर्षात एकदा भेटतो, ते पण ऑडिटच्या वेळी. हे बदला आधी.

पाऊलखूण

तिसरी_पाळी, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. हे मला माहीतच नव्हतं. मी कागदाचा विचार कागद म्हणून करत होते, झाडं आणि वजन आणि वाहतूक. आमचं निर्जंतुकीकरण बाहेरच्या प्लांटमध्ये होतं, मी तिथे आजवर एकदाच गेलेय. पुढच्या आठवड्यात जाणार.

निळा_गाऊन

मी ओटीत सिस्टर आहे. तुमच्या मालाचं शेवटचं टोक म्हणजे आमची कचरापेटी, म्हणून लिहिते.

सूचनापत्रक कोणी वाचत नाही असं मी म्हणणार नाही कारण ते खरं नाही. रोजचं कॅथेटर असेल तर पत्रक न उघडता पेटीत जातं, दिवसाला ढीग होतो. पण मध्यरात्री इमर्जन्सी आली, नेहमीची कंपनी संपली आणि स्टोअरमधून दुसरीच आली, तेव्हा कॅथेटरचा फुगा किती मिलीलीटरने फुगवायचा हे त्याच क्षणी हवं असतं आणि तेव्हा फोन काढून पत्रकाऐवजी छापलेला कोड स्कॅन करायला माझे हात मोकळे नसतात, ग्लोव्ह असतात. त्यामुळे पत्रक काढा, पण चार महत्त्वाच्या गोष्टी पाऊचवरच मोठ्या अक्षरात छापा. आणि कोड आतल्या खोक्यावर द्या, बाहेरच्या मोठ्या बॉक्सवर नको, तो बॉक्स ओटीत येतच नाही, स्टोअरलाच फाडला जातो.

दुसरं, दोन पाऊच का असतात हे कमिटीला नीट समजावा. बाहेरचा मी उघडते, आतला स्क्रब झालेली सिस्टर निर्जंतुक हाताने घेते. एक पाऊच वाचवला म्हणून आनंदाने पत्र येईल आणि इकडे वस्तू ट्रॉलीवर टाकताना कडेला लागली की सगळी वस्तूच फुकट. आधी आम्हाला विचारा. प्रत्येक उपकरणाला दोनची गरज नसते हेही तितकंच खरं, पण कुठल्याला असते ते वापरणारा सांगेल.

आणि तिसरं जे मला सगळ्यात जास्त खुपतं ते म्हणजे तयार पॅक. एका पॅकमध्ये तीसेक वस्तू, त्यातल्या पाच-सहा आमच्या सर्जनना कधीच लागत नाहीत, पण पॅक उघडला की त्या उघडल्या, परत ठेवता येत नाहीत. एकदा मी महिनाभर न वापरलेल्या वस्तू एका पिशवीत साठवल्या. दोन बाऊल, एक जास्तीची सिरिंज, एक ड्रेप, दर केसला त्याच त्या. पिशवी घेऊन कंपनीच्या माणसाला दाखवली तर म्हणाला ऑर्डर कोड बदलायला खूप प्रोसेस आहे मॅडम. असो. डब्ल्यूएचओ सांगते की आरोग्यसेवेतला साधारण ८५ टक्के कचरा धोकादायक नसतो, साधा असतो. पण ओटीत घाईत सगळं एकाच पिशवीत जातं आणि जाळायला जातं. तुमचं पॅकेजिंग रुग्ण आत यायच्या आधी उघडतं, तेव्हा ते स्वच्छच असतं. पण पाऊचची एक बाजू एका प्लॅस्टिकची आणि दुसरी दुसऱ्याच प्लॅस्टिकची, मग वेगळं ठेवून पण घेणार कोण?

आडवाट

+१. सिस्टरांचा प्रतिसाद कमिटीत मोठ्याने वाचून दाखवावा असा आहे.

ध्रुवीय

मी बायोमेडिकल इंजिनिअर, हॉस्पिटलच्या बाजूने. पाऊच आणि पत्रकं चालू राहू द्या, मी मोठ्या मशिनांबद्दल लिहितो कारण तिथे कंपनीचा डिझाइनचा एक निर्णय पंधरा वर्षं वीज खातो किंवा वाचवतो.

एमआरआयचं घ्या. कॉइल सुपरकंडक्टिंग राहावी म्हणून ती द्रव हेलियममध्ये, उणे २६९ अंशाला ठेवतात. जुन्या पद्धतीच्या मॅग्नेटमध्ये दीड-दोन हजार लिटर हेलियम असतं. मी एकदा क्वेंच बघितलाय. मॅग्नेट गरम झाला आणि काही मिनिटांत सगळं हेलियम छतावरच्या पाइपातून पांढऱ्या धुक्यासारखं निघून गेलं, आम्ही खाली अंगणात उभं राहून बघत होतो आणि कोणी काही बोलत नव्हतं. हेलियम वातावरणातून वर निघून जातं, परत मिळत नाही. आता फिलिप्सने २०१८ मध्ये आणलेल्या मॅग्नेटमध्ये साधारण ७ लिटर हेलियम असतं, कायमचं बंद केलेलं, आणि सीमेन्सच्या एका मशिनमध्ये तर लिटरभरही नाही. याला मी सस्टेनेबिलिटी म्हणतो. कुणाला शपथ घ्यायला लावली नाही, सवय बदलायला सांगितलं नाही, मशिनच तसं बनवलं.

उलट विजेच्या बाबतीत मला कंपन्यांचा राग येतो. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या हॉस्पिटलात मोजमाप झालं होतं, २०२०चा पेपर आहे, चार एमआरआय आणि तीन सीटी मिळून त्या हॉस्पिटलच्या वर्षाच्या एकूण ऊर्जेतला ४ टक्के वाटा, आणि सीटीच्या विजेतला जवळजवळ दोन तृतीयांश भाग मशिन नुसतं चालू पडून असताना जातो. रुग्ण नाही, स्कॅन नाही, मशिन जागं. आम्ही रात्री बंद करायला गेलो तर ऑपरेटर घाबरतात, सकाळी चालू नाही झालं तर? आणि त्यांची भीती चुकीची नाही, कारण पूर्वी तसं झालंय. मग कंपनीने असा स्लीप मोड द्यावा ज्यातून उठायची खात्री तीच लेखी देईल.

आणि सुटे भाग. मशिन धडधाकट असतं आणि पत्र येतं की अमुक तारखेपासून सपोर्ट बंद. दहा वर्षांचं चांगलं अल्ट्रासाऊंड एका प्रोबच्या कनेक्टरसाठी भंगारात गेलेलं मी बघितलंय. रिफर्बिश केलेली मशिनं मोठ्या कंपन्या स्वतःच विकतात, म्हणजे जमतं तर. मग सपोर्टची वर्षं वाढवायला काय हरकत आहे.

भूलतज्ज्ञ_एक

ध्रुवीय यांना अनुमोदन, आणि एक उदाहरण आमच्याकडून. डेसफ्लुरेन नावाचा भुलीचा वायू, शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या साधारण अडीच हजार पट तापवतो, सेव्होफ्लुरेन त्याच्या तुलनेत कितीतरी कमी. स्कॉटलंडने २०२३ मध्ये डेसफ्लुरेन बंद केलं आणि युरोपियन युनियनमध्ये १ जानेवारी २०२६ पासून वैद्यकीयदृष्ट्या अगदी अटळ असेल तरच परवानगी. हे मुख्यतः डॉक्टरांनी लावून धरलं म्हणून झालं. पण आमच्या हाताला साथ मशिनची लागते, ताज्या वायूचा प्रवाह कमी ठेवून सुरक्षित भूल देता येईल असं मशिन आणि किती वायू जातोय हे समोर दाखवणारा स्क्रीन. तो आकडा समोर दिसायला लागला आणि मी स्वतः नॉब कमी करायला लागलो.

कलम_सतरा

रेग्युलेटरीत आहे. आमचं नाव निघालं की सगळे म्हणतात हे लोक काही बदलू देत नाहीत, म्हणून जरा स्पष्ट करते.

पाऊलखूण ताई, तुमच्या केसमध्ये पत्रक पाऊचच्या बाहेर, खोक्यात आहे. म्हणजे ते काढल्याने निर्जंतुक अडथळा बदलत नाही, सील तेच, मटेरियल तेच. तेव्हा एजिंग (माल जुना झाल्यावर पाऊच टिकतो का याची चाचणी) पुन्हा करायची गरज साधारणपणे पडू नये, वाहतुकीची चाचणी बघावी लागेल कारण खोक्यात जागा मोकळी झाली की पाऊच हलतो. पण त्याच सपाट्यात कोणी म्हणालं पाऊच पण पातळ करू, तर मात्र आयएसओ ११६०७ या निर्जंतुक पॅकेजिंगच्या मानकाप्रमाणे सगळं परत. ५५ अंशाच्या चेंबरमध्ये नेहमीच्या हिशेबाने एक वर्ष म्हणजे साधारण ४६ दिवस, पाच वर्षांची एक्सपायरी असेल तर साडेसात महिने, आणि शिवाय खऱ्या काळातलं एजिंग चालूच. म्हणून मी आमच्या लोकांना सांगते की पाऊचला हात लावायचा तर नवीन साइझ येतोय किंवा सप्लायर बदलतोय तेव्हा लावा, व्हॅलिडेशन तसंही होणारच आहे तर त्यातच घाला. हिरवा बदल एकटा आला की बजेटमध्ये मरतो, दुसऱ्या बदलाच्या पाठीवर बसून आला की जगतो.

पत्रकाबद्दल: युरोपियन युनियनने २०२५ मध्ये नियम बदलला, व्यावसायिक वापराच्या सगळ्या उपकरणांना आता इलेक्ट्रॉनिक सूचना चालतात, पूर्वी ठरावीक प्रकारांनाच चालायच्या. कोणी कागद मागितला तर तो मात्र ७ दिवसांत, वेगळे पैसे न घेता द्यावा लागतो. रुग्ण स्वतः घरी वापरतो ते उपकरण यात नाही, आणि ते बरोबरच आहे. प्रत्येक देशाचं वेगळं बघावं लागेल, सगळीकडे चालेल असं धरून खोकं बदलू नका.

सिस्टरांनी सांगितलेल्या चार गोष्टी पाऊचवर छापायला माझी काहीच हरकत नाही, पण ते लेबल होतं, म्हणजे शब्दन्शब्द पत्रकाशी जुळला पाहिजे. चित्र वापरा.

पुनर्वापर

एकदाच वापरायच्या उपकरणांबद्दल कोणीच मूळ प्रश्न विचारला नाही, की ती एकदाच का वापरायची?

अमेरिकेत २००० सालापासून एफडीएने ठरवलंय की जो अशी उपकरणं साफ करून परत विकतो त्याला मूळ उत्पादकाइतकेच नियम. युरोपात एमडीआरचं (तिथल्या वैद्यकीय उपकरण कायद्याचं) कलम १७, तिथे प्रत्येक देशाने ठरवायचं. फ्राउनहोफर संस्थेच्या लोकांनी २०२१ मध्ये हृदयाच्या इलेक्ट्रोफिजिऑलॉजी कॅथेटरचा जीवनचक्र अभ्यास केला, नवीन कॅथेटरऐवजी रीमॅन्युफॅक्चर केलेलं वापरलं तर तापमानवाढीवरचा परिणाम निम्म्यावर येतो. निम्म्यावर! तुम्ही पत्रक काढून, पाऊच पातळ करून किती वाचवाल?

आणि कंपन्या काय करतात ते पण बघा. मे २०२५ मध्ये अमेरिकेत ज्युरीने बायोसेन्स वेबस्टर या कॅथेटर बनवणाऱ्या कंपनीच्या विरोधात निकाल दिला, कारण जी हॉस्पिटलं रीप्रोसेस केलेले कॅथेटर वापरत होती त्यांना केसच्या वेळी मदतीला माणूस द्यायला त्यांनी नकार दिला होता. म्हणून म्हणतो, कंपनीचा सस्टेनेबिलिटी रिपोर्ट वाचण्यापेक्षा ती रीप्रोसेसिंगच्या बाबतीत कशी वागते ते बघा.

तिसरी_पाळी

पुनर्वापर, मुद्दा एकदम रास्त. फक्त एक, सगळीच उपकरणं साफ होत नाहीत. ज्या पोकळीत रक्त सुकलं आणि ब्रश जात नाही ती साफ झाली हे सिद्ध कसं करणार? साफ न झालेल्या वस्तूवर गॅस कितीही सोडा, उपयोग नाही. इलेक्ट्रोफिजिऑलॉजीच्या काही कॅथेटरना पोकळीच नसते, म्हणून तिथे जमलं. ताईंच्या मालाला पोकळी आहे. पण नवीन डिझाइन करताना हा प्रश्न टेबलावर असायला हवा हे शंभर टक्के.

वहीखाते

मी अकाउंट्सकडून कार्बनचा हिशेब करते, त्यामुळे एक सावधगिरीची सूचना. बहुतेक कंपन्यांचा स्कोप ३ म्हणजे सप्लाय चेनचा आकडा खर्चावरून काढलेला असतो, अमुक इतके पैसे प्लॅस्टिकवर गेले, गुणिले एक सरासरी, झालं उत्सर्जन. यात गंमत नाही तर मोठी अडचण आहे, कारण सप्लायरने भाव वाढवला की कागदावर तुमचं उत्सर्जन वाढतं, आणि तुम्ही महाग पण स्वच्छ विजेवर बनलेलं रेझिन (प्लॅस्टिकचा कच्चा माल) घेतलं तरी ते वाढलेलंच दिसतं! चांगलं काम करणाऱ्याला शिक्षा. म्हणून पाऊलखूण ताई, तुम्ही केलंत ते वजन करणं हीच खरी सुरुवात आहे. ग्रॅम लिहून ठेवा. दर वस्तूचे ग्रॅम, वर्षाचे नग, कुठून कुठे कशाने गेलं. विमानाने की जहाजाने यावर प्रचंड फरक पडतो, आणि विमान बऱ्याचदा लागतं ते फक्त सेल्सचा अंदाज चुकला म्हणून.

आणि गिऱ्हाईक मागायला लागलंय हे लक्षात घ्या. इंग्लंडची सरकारी आरोग्यसेवा एनएचएस स्वतःचं थेट उत्सर्जन २०४० पर्यंत आणि सप्लायरांसकट सगळं २०४५ पर्यंत नेट झिरो करणार म्हणतेय, एप्रिल २०२४ पासून नवीन खरेदीत सप्लायरकडे कार्बन कमी करण्याचा प्लॅन मागतात. मॅनेजमेंटला झाडांपेक्षा हे लवकर कळतं.

पाऊलखूण

सगळ्यांचे मनापासून आभार, तीन आठवड्यांनी लिहितेय कारण दरम्यान बरंच झालं.

निर्जंतुकीकरणाच्या प्लांटला जाऊन आले. एअरेशनच्या खोलीत आमचे पॅलेट उभे होते, ओळीने, माझीच खोकी. तिथल्या सुपरवायझरना विचारलं यात कागद किती असेल, त्यांनी एक पॅलेट दाखवलं आणि आम्ही दोघांनी तिथेच हिशेब केला: पॅलेटवर ९६० खोकी, पत्रकांचाच कागद ३९ किलोंच्या वर. एका पॅलेटवर. ते म्हणाले आम्हाला आजवर पॅकेजिंगमधून कोणी हे विचारायला आलं नव्हतं.

कमिटीत सिस्टरांचा प्रतिसाद वाचला (नाव न घेता), वहीखाते यांचा मुद्दा मांडला आणि एकाच प्रॉडक्ट फॅमिलीचं पत्रक काढायला मंजुरी मिळाली, जिथे चालतं त्याच देशांसाठी. दोन पाऊच तसेच राहणार. फुग्याचा आकडा, लांबी, गाईडवायरचा साइझ आणि एक चित्र पाऊचवर येणार, मसुदा रेग्युलेटरीकडे आहे. खोकं आता लहान करता येईल का तेही बघतोय, म्हणजे पॅलेटवर जास्त बसतील, पण कलम_सतरा म्हणाल्या तसं वाहतुकीची चाचणी आधी. खोकं पाडून बघायच्या पहिल्याच चाचणीत रिकाम्या जागेमुळे पाऊचचा कोपरा दुमडला, म्हणून खोक्याची घडी बदलतोय.

तयार पॅकचा विषय आमच्या दुसऱ्या विभागाचा आहे, तिथल्या मॅनेजरना सिस्टरांची पिशवीची गोष्ट सांगितली, ते म्हणाले एका हॉस्पिटलमध्ये तसंच महिनाभर साठवून बघू. निळा_गाऊन, तुम्ही त्या वस्तू मोजताना कशी नोंद ठेवली होती, केसप्रमाणे की सर्जनप्रमाणे? तेवढं सांगाल का, म्हणजे त्यांना तक्ता करून देते.

निळा_गाऊन

सर्जनप्रमाणे ठेवा, केसप्रमाणे फार पसारा होतो. आणि नोंद सर्क्युलेटिंग सिस्टरला (बाहेरून सामान देणारीला) करू द्या, स्क्रबवालीला नको, तिला वेळ नसतो. पेटीजवळ कागद अडकवून पेन बांधून ठेवलं होतं मी, पेन बांधायला विसरू नका.

तिसरी_पाळी

ताई, पत्रक नसलेला पहिला लोड येईल तेव्हा दोन पॅलेटमध्ये जास्तीचे ह्युमिडिटी सेन्सर लावायला सांगा, मधोमध आणि खालच्या कोपऱ्यात. प्रीकंडिशनिंगला किती तास कमी लागतात ते तिथेच दिसेल, आणि तोच आकडा पुढे सायकल बदलायच्या अर्जाला लागेल.

पाऊलखूण

सांगितलं त्यांना. लोड पुढच्या महिन्यात आहे, सेन्सरचे आकडे आले की इथे टाकते.